केडगावचा विसावा : पंडिता रमाबाईंच्या धर्मजीवनातील श्रम आणि विश्रांती

पंडिता रमाबाईंविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्याचे ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. एका पक्षास त्या स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून पूज्य वाटतात आणि त्यांचे धर्मांतर ही या पक्षाला थोडी अडचणीची गोष्ट वाटते. दुसऱ्या पक्षास धर्मांतर हेच त्यांच्या चरित्राचे सार वाटते, व शारदा सदन आणि मुक्ती सदन ही त्या साराची फळे. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रामाणिक यत्न आहे. परंतु एक साधा प्रश्न कोणत्याही पक्षाने फारसा विचारलेला दिसत नाही. या बाई थकत नव्हत्या काय? आणि थकत असतील, तर त्यांच्या मनाला विसावा कोठे मिळत होता?

प्रश्न घरगुती वाटेल, पण तो इतिहासाचा प्रश्न आहे. वयाच्या पंचविशीच्या आत आईबाप, भाऊ आणि पती यांना एकामागून एक गमावलेली, एका कन्येची आई असलेली, तीन खंडांत प्रवास केलेली आणि अखेरीस सुमारे १९०० जणींच्या अन्नवस्त्राची चिंता वाहणारी स्त्री आपल्या धर्माकडून काय मागत होती, हे कळल्यावाचून तिने तो धर्म का धरून ठेवला, हे कळणे कठीण आहे. रमाबाईंनी स्वतः १९०७ साली जे आत्मनिवेदन इंग्रजीत प्रसिद्ध केले, त्यास त्यांनी ‘साक्ष’ म्हटले आहे. ते नव्याने वाचताना असे जाणवते की, पापक्षालनाइतकीच त्यात भार उतरवून ठेवण्याची गोष्ट आहे.

या निवेदनाची भूमी पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग आहे. भीमेच्या एका अंगास दौंड तालुका व दुसऱ्या अंगास शिरूर तालुका असा हा कमी पावसाचा प्रदेश. केडगाव हे दौंड तालुक्यातील गाव पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर आहे. आषाढीस तुकोबांची पालखी याच तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंड येथे तिचे मुक्काम असतात. मुक्काम आणि विसावा या दोहोंत वारकरी स्पष्ट भेद करतात. मुक्काम रात्रीचा, आणि विसावा म्हणजे वाटेत खांद्यावरचे ओझे क्षणभर खाली ठेवणे. त्यानंतर पुन्हा चालायचेच असते. रमाबाईंच्या विश्रांतीचे स्वरूप सांगावयास या दुसऱ्या शब्दाहून अधिक नेमका शब्द प्रस्तुत लेखकास सापडलेला नाही, म्हणून तोच शीर्षकात घेतला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले व त्यापायी लोकनिंदा सोसली. रमाबाई वाढू लागल्या तोवर वडील वृद्ध झाले होते, तेव्हा मुलीस शिकविण्याचे काम आईकडे आले. परंतु आश्रमातील विद्यार्थी, अतिथी, मुले आणि स्वयंपाक यांतून लक्ष्मीबाईंस दिवसा वेळ कोठला? यासाठी त्या पहाटे, पक्षी जागे होण्याच्या वेळी, झोपेने जड झालेल्या मुलीस प्रेमाने उठवीत आणि पाठ देत. १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या इंग्रजी ग्रंथाच्या प्रास्ताविकात ही हकीकत आली आहे, आणि तो ग्रंथ रमाबाईंनी आईच्याच स्मृतीस अर्पण केला आहे.

ही पहाट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रीला स्वतःची म्हणावी अशी एकच वेळ परंपरेने दिली होती, ती जात्यावर बसण्याची. हात श्रमत असत, आणि मन ओवीत मोकळे होत असे. माहेर, भाऊ, विठोबा, सासुरवास यांबद्दल जे दिवसा बोलता येत नसे ते तेथे बोलता येई. पुणे जिल्ह्यातील गावागावांतून हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, तो या पहाटेच्या एकांताचाच दस्तऐवज होय. लक्ष्मीबाईंची पहाट जात्यावरची नव्हती, पोथीवरची होती. परंतु घर जागे होण्यापूर्वीची जी घटका स्त्रीस मिळते तीच तिची, हा धडा रमाबाईंना व्याकरणाच्याही आधी मिळाला असला पाहिजे. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या आयुष्यात जे निर्णायक प्रसंग आले, त्यांपैकी किमान दोन याच वेळेचे आहेत.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्या वैद्यकीचे शिक्षण घ्यावयास गेल्या होत्या, पण कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला. धर्मदीक्षेने त्यांचे मन स्थिर झाले असे समजणे मात्र चूक ठरेल. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (ए. बी. शहा यांनी तो १९७७ साली संपादित केला) वाचला की, येथे शांत झालेला जीव नाही, वाद घालणारी बुद्धी आहे, याची खात्री पटते. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, बिशपांचा अधिकार या सर्वांवर रमाबाई प्रश्न करतात आणि सहजासहजी मान तुकवीत नाहीत. पुढे ‘साक्षी’त त्यांनी स्वतःच कबूल केले आहे की, या काळात आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे १८९१ साली विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि आपल्यास नेमकी कशाची उणीव आहे हे त्यांना त्यातून उमगू लागले.

हा काळ त्यांच्या कामाचा सर्वांत दगदगीचा काळ होता, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदन उघडले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे द्रव्यसाहाय्याचे वचन दिले होते. त्यात धर्मशिक्षण द्यायचे नाही अशी अट होती आणि ती रमाबाईंनी पाळली. परंतु त्यांच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून १८९३ साली जो गहजब झाला तो सुपरिचित आहे. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोड उठविली. या वादात कोणाचे किती चुकले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. एका कामकरी स्त्रीची खासगी प्रार्थना हा पुणे शहराचा सार्वजनिक प्रश्न झाला. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता. रमाबाईंनी दार लावले नाही. आपल्या घरात आपण कशी प्रार्थना करावी हे कोणी ठरवावयाचे नाही, ही त्यांची भूमिका होती; पण तीमुळे त्यांच्या वाट्याचा एकांत मात्र संपला.

अशा स्थितीत १८९५ च्या एप्रिलमध्ये लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती शिबिरास त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या. उन्हाळ्यात झाडीत राहून काही दिवस प्रवचन व प्रार्थना करण्याची ही पद्धत अमेरिकन मिशनऱ्यांनी इकडे आणली होती. एके दिवशी पहाटे रमाबाई एकट्याच रानात जाऊन बसल्या. सूर्य उगवताना पाहून त्यांना समाधान वाटले, आणि त्या समाधानात त्यांनी एक विलक्षण मागणे मागितले. या पंधरा मुलींच्या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढील शिबिरापूर्वी आपणास २२५ धर्मकन्या मिळाव्यात! त्या वेळी सदनात इतक्या मुलीही नव्हत्या आणि येण्याचा संभवही दिसत नव्हता. ‘साक्षी’त त्यांनी हे सर्व सांगितले आहे, आणि व्याकरणशास्त्र शिकलेल्या या विदुषीने ईश्वराकडे गणिताच्या भाषेत मागणे मागावे, याची वाचकास मौज वाटल्यावाचून राहत नाही.

मौज बाजूस ठेवली तरी येथे रमाबाईंच्या धर्मजीवनाचा एक नियम दिसू लागतो. थकलेले माणूस विश्रांतीस गेले म्हणजे ओझे कमी व्हावे असे मागते. रमाबाई विसाव्यास गेल्या आणि पंधरापट ओझे मागून आल्या. याची उपपत्ती त्यांच्या त्या काळातील वाचनात सापडते. जॉर्ज म्यूलर यांनी ब्रिस्टल येथे कोणापाशी वर्गणी न मागता चालविलेली अनाथगृहे, चायना इनलँड मिशनची हकीकत आणि जॉन पेटन यांचे चरित्र ही तीन पुस्तके त्यांनी वाचली होती, व असा विश्वास हिंदुस्थानात कोणी का टाकू नये, असा प्रश्न स्वतःस विचारला होता. त्या ज्या ‘अक्षय ठेव्या’ची साक्ष देतात तो हा. काम त्यांनी सोडले नाही, कामाची काळजी सोडली. या दोहोंतील अंतर कागदावर थोडे दिसते. ज्याने संस्था चालविली आहे त्यास ते किती आहे हे सांगावयास नको.

मागणे अशा रीतीने पुरे झाले की, त्याला आनंदाचे म्हणणे जड जाते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. लहानपणी दुष्काळातच त्यांनी आईबाप गमावले होते, तेव्हा उपाशी मुलींच्या तोंडाकडे पाहणे त्यांस नवे नव्हते. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, त्यामुळे इतक्या जणींस शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावास त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. अमेरिकेची दहा वर्षांची मदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा तिचा उद्देश. त्या माळावर प्रथम साध्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १८९९ साली मंदिराची कोनशिला बसली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर वस्ती सुमारे १९०० वर गेली. पंधराचा वर्ग केव्हाच मागे पडला होता.

मुक्तीमध्ये माग होते, तेलाची घाणी होती, शेती, गोठा, धुलाई, शिवण, अंधांची शाळा आणि छापखाना होता. मुलीस हाताला काम व अक्षर दोन्ही मिळावे असा संकल्प. येथे एक शंका घेतली पाहिजे, आणि भक्तिभावाने लिहिणाऱ्या चरित्रकारांनी ती घेतलेली नाही. विसावा रमाबाईंनी स्वतः निवडला होता. मुक्तीतील मुलींस तो घंटेच्या ठोक्यावर मिळत होता. दुष्काळातून उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पहाटेची प्रार्थना ही विश्रांती वाटत होती की आणखी एक काम? ‘मुक्ती प्रेयर बेल’ या संस्थेच्या वार्तापत्राचे नावच प्रार्थनेच्या घंटेचे आहे. त्यातील हकीकती देणगीदारांसाठी लिहिलेल्या असत, हे विसरून चालणार नाही. तरीही १९०५ च्या घटना पाहिल्या म्हणजे असे म्हणावे लागते की, मुलींनी तो घंटानियम आपल्या परीने उलटवून टाकला.

त्या घटनांची पूर्वपीठिका दूरदेशीची आहे. १९०३ साली रमाबाईंनी कन्या मनोरमा व सहकारी मिनी एब्रम्स यांस ऑस्ट्रेलियास पाठविले, तेथील प्रार्थनामंडळांची पद्धत पाहून यावी म्हणून. पुढे वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता आल्या. १९०५ च्या जानेवारीत केडगावी रोज सकाळी सुमारे सत्तर जणी खास प्रार्थनेस जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. २९ जूनच्या पहाटे एका शयनगृहात एक मुलगी मोठ्याने प्रार्थना करू लागली. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या असे समजून देखरेख करणारी बाई पाण्याची बादली घेऊन धावली, आणि जवळ जाऊन पाहते तो आग नाही! हा वृत्तांत एब्रम्सबाईंचा आहे. त्यातील अद्भुताचा निर्णय करणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. दुसऱ्या दिवशी रमाबाई आपल्या नेहमीच्या संथ रीतीने योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत असता सर्व मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि त्यांस आपले बोलणे थांबवावे लागले. पुढे काही दिवस शाळेचे पाठ बंद पडले.

शेकडो मुली एकाच वेळी रडत, पापे कबूल करीत, गात आहेत, हे दृश्य अनेक पाहुण्यांस असभ्य वाटले. इंग्रजी उपासनेत वाढलेल्यांस ते तसे वाटणे साहजिक होते. रमाबाईंनी ते थांबविले नाही. आपल्या लोकांस आपल्या पद्धतीने देवाशी बोलू द्यावे, या त्यांच्या वृत्तीशी हे सुसंगतच आहे; १८९३ साली पुण्यात त्यांनी दार उघडे ठेवले ती हीच वृत्ती. दुष्काळात आई मेलेली, भाऊ वाटेत टाकून आलेली मुलगी आठ वर्षे रांगेत उभी राहते, माग चालविते, पाठ म्हणते. तिला तिचे रडणे कोठे रडता आले असेल? जात्यावर ओवी म्हणणारीस जे मोकळेपण होते ते संस्थेत राहणारीस नव्हते. १९०५ चा जून महिना त्या साठलेल्या दुःखाचा विसावा होता, असे मानण्यास जागा आहे. धर्मशास्त्री यास दुसरे नाव देतील; त्यास प्रस्तुत लेखकाची हरकत नाही.

भीमेपलीकडील शिरूरकडे आता थोडे पाहिले पाहिजे, कारण केडगावची गोष्ट हीच या भागातील ख्रिस्ती स्त्रीची गोष्ट, असा समज होऊ नये. घोडनदी या नावानेच अधिक परिचित असलेले शिरूर पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) रस्त्यावर आहे. दौंडास मोठा लोहमार्ग आला, १८७८ साली मनमाडचा फाटाही निघाला. शिरूरला आगगाडी मिळाली नाही. येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८४० नंतरच्या दशकापासून होते, व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विन्सर दांपत्याने तेथे शाळा चालविल्या आणि घायपाताच्या तंतूचा उद्योग शिकविला. येथील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार समाजातून आलेली व खेडोपाडी विखुरलेली होती. त्यांच्यातील स्त्री घंटेवर उठत नव्हती. ती शेतात मजुरीस जाई, पाणी आणी, आणि नवरा मास्तर किंवा उपदेशक असला तर पाहुण्यांचे करी. विश्रांतीचा दिवस म्हणून तिला रविवार सांगितला गेला, पण महारकीचे वतनी काम रविवार ओळखत नव्हते. गावाने बोलावले की जावे लागे. ही वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या अधिनियमाने. ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचा हक्क आहे त्याला धर्माने दिलेली सुटीही घेता येत नाही, हे शिरूरच्या बाजूस जितके स्पष्ट दिसते तितके केडगावास दिसत नाही, कारण केडगावात जमीनही बाईंची आणि घंटाही बाईंची.

या विखुरलेल्या मंडळीस विसावा मिळाला तो बहुधा रात्रीच्या भजनात. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनी ख्रिस्ती कीर्तनाची जी प्रथा घातली, ती मिशनच्या गावोगावच्या मंडळ्यांत रुजली. टाळ, पखवाज आणि अभंगाची चाल यांमुळे दिवसभर कष्टलेल्या बायकांस उपासना परकी वाटेनाशी झाली. केडगावची पहाट आणि शिरूरकडची रात्र असा हा भेद आहे. तो मुख्यतः कोणाचा दिवस कोणाच्या मालकीचा होता यावरून पडलेला आहे.

रमाबाईंच्या स्वतःच्या उत्तरायुष्याकडे वळू. १९०५ नंतर संस्थेचा व्याप मनोरमा व इतर सहकाऱ्यांवर अधिकाधिक पडत गेला आणि रमाबाई आपल्या खोलीत पुस्तकांत बसू लागल्या. बायबलाचे मराठी भाषांतर आधीचे होते. परंतु ते संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला कळत नाही, आणि त्यातील कित्येक शब्दांस दुसऱ्याच धर्मकल्पना चिकटलेल्या आहेत, असे त्यांचे मत झाले होते. यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असल्याची ख्याती असलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या स्त्रीने संस्कृत शब्द वेचून बाजूस काढावे, यात एक प्रकारचा संन्यास आहे. भाषांतराचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. त्याचा प्रसार फार झाला नाही आणि पंडितांना त्याची मराठी ओबडधोबड वाटली, एवढे येथे पुरे.

वय वाढत चालले होते, ऐकू येणे कमी होत गेले होते, आणि शब्दास शब्द जुळविणे हेच काम उरले होते. बालपणी आईपाशी पहाटे बसून शब्दरूपे घोकणारी मुलगी वर्तुळ पुरे करून पुन्हा शब्दांपाशी आली. हे कामच त्यांचा विसावा झाले होते, असे मानणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारल्या. ज्या मुलीस कुशीत घेऊन रमाबाई विधवा झाल्या होत्या व जी त्यांच्यानंतर संस्था सांभाळणार होती, ती चाळिसाव्या वर्षी गेली. भाषांतर थांबले नाही.

शेवटची मुद्रिते तपासण्यास दहा दिवस मिळावेत असे रमाबाईंनी देवापाशी मागितले व ते मिळाले, अशी आख्यायिका केडगावास सांगतात. संख्या धरून मागण्याची त्यांची जुनी सवय पाहता ती अगदीच अविश्वसनीय वाटत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम तेथील स्त्रियाच करीत होत्या. बाईंच्या मागे त्यांनी ते चालू ठेवले, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.